पाण्याच्या दिवशी गाडी पलीकडे

क्रेननं गाडीचं तोंड उचललं तेव्हा मी आत बसलेली होते, आणि हॉर्न वाजवायला बंदी होती. बंदी मीच घातलेली होती.

बाहेरचं काही दिसत नव्हतं, कारण गाडीवर कव्हर होतं. करड्या कापडाच्या पिशवीत घातलेल्या फ्लॉवरसारखी मी बसले होते. आधी पाय वर गेले, मग गुडघे, मग डोकं मागे टेकलं. दाताच्या डॉक्टरकडे खुर्ची मागे पाडतात तशी अवस्था झाली (फरक एवढाच की डॉक्टर आधी नाव विचारतो). मागच्या सीटवरची पाण्याची बाटली घरंगळत खाली पडली. एका पायात चप्पल नव्हती, ती कधी निघाली कळलं नाही. मी स्टिअरिंग धरून ठेवलं. गाडी माझ्या हातात नव्हती, पण काहीतरी धरायला हवं होतं.

ओरडता आलं असतं. पण वर, दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत माझा मुलगा झोपला होता. त्याला उठवायचं नव्हतं. त्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

संदीप हिंजवडीच्या एका कंपनीत होता. काम फोनवर बोलण्याचं. अमेरिकेत कुणाचा प्रिंटर अडला की नारायण पेठेतला माझा मुलगा जागा. संध्याकाळी कंपनीची जीप येऊन न्यायची, सकाळी सातला आणून सोडायची. पहिले सहा महिने कच्ची नोकरी, मग चांगलं काम दिसलं तर कायम करणार. त्यात एप्रिलच्या अखेरीस त्याचा फोनवर बोलता बोलता डोळा लागला. तिकडे एक बाई तक्रार सांगत होती आणि इकडे हा घोरला. तिला वाटलं लाइन खराब आहे. साहेबाला तसं वाटलं नाही. साहेब म्हणाला, "पुन्हा डोळा लागला तर कायम व्हायचं विसरून जा." जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरणार होतं.

मी मंडईत कांदे-बटाट्याच्या गाळ्यावर जन्म काढला. शिकले चौथीपर्यंत. संदीपचे वडील गेले तेव्हा तो सातवीत होता. त्या गाळ्यावर त्याचं इंजिनिअरिंग झालं, आणि आता त्याची नोकरी झोपेवर अडली होती. झोप काही बाजारात मिळत नाही. मिळत असती तर मी घासाघीस करून आणली असती.

म्हणून मी घरातला बंदोबस्त वाढवला. दारावरच्या घंटीची वायर काढली. कुकर माळ्यावर टाकला, वरण पातेल्यात शिजवायला लागले. फोनवर उशी ठेवली. दूधवाल्याला सांगितलं, हाक मारायची नाही, पिशवी कडीला अडकव आणि जा. सात ते दोन आमच्या घरात माशीसुद्धा चप्पल काढून यायची.

राहिली गाडी. तिचा बंदोबस्त आधीपासूनच चालू होता.

गाडी त्यानं पाडव्याला घेतली. पांढरी, लहान. का घेतली, तर ऑफिसातल्या सगळ्यांनी घेतली. मी विचारलं, "जीप न्यायला येते, मग गाडी कशाला?" तर म्हणे, "तुझ्यासाठी, आई." माझ्यासाठी ती आठवडाभर रस्त्यावर उभी असायची आणि रविवारी मला खडकवासल्याला नेऊन एक कणीस खायला घालायची. बाकी दिवस तो तिनं कामावर जातो म्हणाला, पण मी नको म्हटलं. रात्रीचा गाडी चालवायचा आणि डोळा लागला तर?

रस्त्यावर का, तर आमच्या इमारतीला पार्किंग नव्हतं. म्हणजे नकाशात होतं. बिल्डरनं फ्लॅट विकताना नकाशा पसरून बोट ठेवलं होतं, "ही बघा तुमच्या गाडीची जागा." तेव्हा आमच्याकडे सायकलसुद्धा नव्हती, म्हणून मी बोटाकडे बघितलं, जागेकडे बघितलं नाही. त्या जागेत आता शोभाचं झेरॉक्सचं दुकान आहे. शोभाशी भांडून उपयोग नव्हता. तिनंही ती जागा रीतसर विकत घेतली होती, त्याच बिल्डरकडून, त्याच बोटानं दाखवलेली. शिवाय ती चहा चांगला करते.

आमची गल्ली एकेरी आणि अरुंद. दोन्ही बाजूंना वाहतूक खात्याच्या पाट्या. आमच्या बाजूला पी-वन, पलीकडे पी-टू. पहिल्या मजल्यावरचे आपटे, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी मला नियम समजावून सांगितला.

"यशोदाबाई, विषम तारखेला आपल्या बाजूला लावायची, सम तारखेला पलीकडे. एवढं सोपं आहे."

"सोपं आहे तर मग तुम्ही तीनदा का सांगताय?"

"तुमच्यासाठी नाही. मलाच पाठ होतंय का बघतोय."

म्हणजे रोज सकाळी गाडी या बाजूची त्या बाजूला करायची. दिवस बदलतो रात्री बारा वाजता, पण पोलीस उजाडल्यावरच यायचे, म्हणून गल्लीचा दिवस आठला बदलायचा. संदीप सातला येऊन पडायचा. त्याला आठला उठवून गाडी हलवायला लावणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. मग कोण हलवणार? मला गाडी येत नव्हती. आपट्यांना स्कूटर यायची, शोभाला स्कूटी. मी म्हटलं, गाडी चालवायची कशाला? ढकलायची. मंडईत आम्ही भरलेली हातगाडी कितीदा ढकलली आहे. ही तर रिकामी.

रविवारी संदीपशेजारी बसून मी सगळं बघून ठेवलं होतं. किल्ली अर्धी फिरवायची, नाहीतर चाक अडकतं. हँडब्रेक खाली. गियर मध्ये. दुसऱ्या दिवसापासून आठ वाजता मी स्टिअरिंगवर, आपटे आणि शोभा मागे, इस्त्रीवाला डाव्या बाजूला, आणि शाखेतून नाहीतर देवळातून परतणारं जे कुणी सापडेल ते उजव्या बाजूला. हातगाडीला आयुष्यभर मी ढकललं. आता मी आत बसणार आणि गल्ली ढकलणार. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. दुसऱ्या आठवड्यापासून मी आठच्या आधी वेणी घालून तयार राहायला लागले.

आता तारखेचं. तारीख रोज कोण बघणार? त्या उन्हाळ्यात धरण आटलं होतं, म्हणून नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. आमच्या गल्लीत ते यायचं सम तारखेला. शोभाच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

"मावशी, पाणी येतं त्या दिवशी गाडी पलीकडे. पाणी नाही त्या दिवशी अलीकडे. बघा, बरोबर जुळतंय."

जुळत होतं. एप्रिलच्या तीस तारखेला पाणी आलं, गाडी पलीकडे. एक मेला नळ कोरडा, गाडी अलीकडे. महिना बदलला तरी हिशेब चुकला नाही, तेव्हा तर माझा विश्वासच बसला. सकाळी नळात फुर्र झालं की मी खिडकीतून खाली खूण करायची, आणि गल्ली कामाला लागायची. कॅलेंडर मी भिंतीवरून काढून त्यावर पापडांचं पीठ मळायला घेतलं. पुढे पुढे तर लोकांनी नळसुद्धा बघायचं सोडलं. माझी गाडी जिकडे, तिकडे सगळ्यांच्या स्कूटरी. बाहेरून आलेला माणूस विचारायचा, "आज कुठल्या बाजूला?" तर लोक सांगायचे, "यशोदाबाईंची गाडी बघा."

अख्ख्या मे महिन्यात आमच्या गल्लीतली एक गाडी उचलली गेली नाही. आपटे म्हणाले, "आता मला कळलं, पूर्वीचे लोक घड्याळाशिवाय कसे जगायचे."

एक जूनला सकाळी नळ फुरफुरला. मी खूण केली. गाडी पलीकडे गेली, तिच्यामागोमाग गल्ली पलीकडे गेली. आपट्यांनी गाडीवर कव्हर ओढून चारी कोपरे नीट बांधले (पलीकडच्या झाडावर कावळे बसतात, आणि आपटे नीटनेटके आहेत). मी वर येऊन पाणी भरलं.

नऊच्या सुमाराला कोपऱ्यावर कर्णा वाजला. "गाड्या काढून घ्या, गाड्या काढून घ्या." मी गॅलरीत आले. पुढे क्रेन, मागे स्कूटरी भरायचा टेम्पो, आणि दोन्ही आमच्याच गल्लीत वळत होते. मला वाटलं, यांची काहीतरी चूक झाली. आज पाण्याचा दिवस. गाडी बरोबर बाजूला आहे. पण हे पटवून द्यायचं म्हणजे भांडण, आणि भांडण म्हणजे आवाज. शिवाय तो कर्णा खिडकीखाली आला असता तर संपलंच होतं.

मी खाली धावले. आपटे फाटकात उभे होते.

मी म्हटलं, "हळू बोला. काय करायचं?"

आपटे कुजबुजले, "आत बसा. आत माणूस असेल तर गाडी उचलत नाहीत."

"नक्की?"

"मी ऐकलंय."

मी कव्हर वर करून आत शिरले आणि बसले. आणि आपट्यांनी, जसं ते रोज ओढतात तसं, कव्हर खाली ओढून कोपरा बांधून टाकला.

आता यात आपट्यांना दोष देता येत नाही. ते म्हणाले, ऊन लागेल म्हणून. पण आत माणूस असला की गाडी उचलत नाहीत, हे तेव्हाच खरं होतं जेव्हा माणूस दिसतो. कव्हराखालची बाई आणि कव्हराखालचा तक्क्या बाहेरून सारखाच.

साखळी लावल्याचा आवाज आला. मी हॉर्नवर हात ठेवला आणि काढून घेतला. खिडकी बरोबर वर होती. बाहेर आपट्यांचा आवाज ऐकू आला. ते सांगत होते, पण माझ्याच शिस्तीत, कुजबुजून.

"अहो हवालदार, आत बाई आहे."

"काय?"

"बाई आहे आत."

"काका, मोठ्यानं बोला."

"मोठ्यानं बोलता येत नाही. वर मुलगा झोपलाय."

"बाई आत, मुलगा वर. आणि तुमची गाडी कुठली? ही स्कूटर का?" हवालदार म्हणाला. "घ्या रे ही पण."

त्यावर आपटे स्कूटरमागे धावले. शेजारची बाई आणि स्वतःची स्कूटर यांत माणूस काय निवडतो, ते मला त्या दिवशी कळलं. मी त्यांना बोल लावत नाही. स्कूटर जुनी असली तरी त्यांनी एकट्यानं वापरलेली होती.

गल्लीचं वळण संपेपर्यंत मी श्वास धरून बसले. मोठ्या रस्त्याला लागलो, तशी मी हॉर्नवर दोन्ही हात ठेवले आणि उचललेच नाहीत. इतक्या आठवड्यांचा दाबून ठेवलेला आवाज मी तिथे काढला. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. क्रेनला उलटी टांगलेली गाडी, वर पिशवी, आणि ती ओरडतेय. क्रेनवाल्याला आधी वाटलं वायर चिकटली. त्यानं चौकीशी येऊन गाडी खाली उतरवली, कव्हर काढलं, आणि आत मी.

तो एक पाऊल मागे सरकला. मग म्हणाला, "आजी, तुम्ही कधीपासून?"

"तू साखळी लावलीस तेव्हापासून."

"मग आवाज नाही का द्यायचा?"

"मुलगा झोपलाय."

त्यानं आत वाकून मागची सीट बघितली.

चौकीत हवालदारानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. माणूस बरा होता. एका पायात चप्पल बघून त्यानं एक पोलीस गाडीत शोधायला पाठवला. तोवर आपटे, शोभा आणि गल्लीतले बाकीचेही रिक्षांनी येऊन पोचले. टेम्पोत त्यांच्यासकट अकरा जणांच्या गाड्या होत्या, आणि अकराही जण माझ्याकडे बघत होते.

"आजी, चुकीच्या बाजूला का लावली?" हवालदारानं विचारलं.

"चुकीच्या नाही. आज पाणी आलं."

"पाण्याचा काय संबंध?"

मी त्याला सगळं समजावलं. शोभानं मान डोलावली. आपटे म्हणाले, "गेला दीड महिना अचूक चाललंय."

हवालदारानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. "आज एक तारीख. विषम. काल एकतीस. तीपण विषम. काल अलीकडे लावायची आणि आजपण अलीकडेच. महिन्याला एकतीस दिवस असतात तेव्हा असं होतं. तुमच्या नळाला ते कळत नाही."

आपटे बोटं मोजायला लागले. मी म्हटलं, "आपटे, तुम्ही बँकेत होता ना? महिनाअखेर तुम्हाला नवीन आहे?"

"निवृत्त झाल्यापासून मला सगळे महिने सारखेच आहेत," आपटे म्हणाले.

हवालदार म्हणाला, "थांबा, म्हणजे आज आपल्या भागात पाणी होतं?" मग त्यानं घरी फोन लावला. "अगं, आज पाणी होतं. भरलंस का? नाही? अगं मी म्हटलं होतं..." पुढचं त्यानं बाहेर जाऊन ऐकून घेतलं. परत आला तेव्हा तो आमच्यातलाच झाला होता.

स्कूटरी दंड भरून सुटायला लागल्या. माझी गाडी मात्र अडली.

"ही चालवत कोण नेणार? लायसन दाखवा."

"ढकलत नेऊ," शोभा म्हणाली.

"इथून नारायण पेठेपर्यंत? बाई, भर रस्त्यातून? आजी, मालकाला बोलवा."

"मालक झोपलाय."

"उठवा."

"नाही."

"अहो, मालक आल्याशिवाय मी गाडी सोडू शकत नाही."

"मग ठेवा. दोनला उठेल तो. तोवर मी बसते."

शोभानं पर्समधून मोबाइल काढला. मी तिच्याकडे बघितलं. तिनं तो परत ठेवला. हवालदारानं आपट्यांकडे बघितलं. आपटे म्हणाले, "प्रश्न नोकरीचा आहे हो. या आठवड्यात मुलगा कायम व्हायचाय. झोप झाली नाही तर गेलं सगळं." हवालदारानं सुस्कारा सोडला आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

चहा यायच्या आधी संदीप आला. हाफ पँट, टी-शर्ट, एका हातात लायसन, दुसऱ्या हातात माझी चप्पल. ती गल्लीतच पडली होती म्हणे, गाडीत चढताना.

मी शोभाकडे बघितलं. ती म्हणाली, "मी नाही, मावशी. शप्पथ."

"तुला कुणी उठवलं?" मी विचारलं.

"कुणी नाही. गाडी नेताना खिडकीतून दिसली. मी जागाच होतो."

"कधीपासून?"

"पाडव्यापासून."

मला आधी काही कळेना. तो समोर बसला, डोळे चोळले आणि सांगायला लागला. रोज आठला खिडकीखाली दहा-बारा माणसं जमतात. आपटे "एक, दोन, तीन" म्हणतात. इस्त्रीवाला दम लागला की खोकतो. शोभाताई हसत सुटतात. आणि या सगळ्यांच्या वर एक आवाज येतो. "हळू बोला रे, पोरगा झोपलाय." तो आवाज सगळ्यात मोठा.

"मंडईचा गळा आहे तुझा, आई. मला तर ऑफिसात हेडफोन लावला तरी ऐकू येतो."

"मी तर कुजबुजत होते."

आपटे खिडकीतून बाहेर बघायला लागले. कुजबुजतच हवालदाराशी बोललेला तो माणूस, त्यालासुद्धा माझी बाजू घेववेना.

"म्हणजे तो डोळा लागला ते..."

"गाडी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात."

मी मनात हिशेब मांडला. डोळा लागला, म्हणून मी बंदोबस्त वाढवला. बंदोबस्त वाढवला, म्हणून माझं ओरडणं वाढलं. घंटी काढली, कुकर काढला, फोनवर उशी ठेवली, आणि उरलेला सगळा आवाज मी एकटी करत होते.

"मग सांगायचं नाही?" मी म्हटलं. "तोंड नव्हतं का?"

"खिडकीतून बघायचो ना मी," तो म्हणाला. "तू वेणी घालून, पदर खोचून स्टिअरिंगवर बसलेली असायचीस. आख्खी गल्ली ढकलतेय आणि तू आरशात बघतेयस. तुला म्हणायचं काय, की आई, उतर?"

"हो. तसंच म्हणायचं," मी म्हटलं. "मूर्ख आहेस." चहा आला होता तो मी त्याच्याकडे सरकवला. हवालदार पावती फाडता फाडता थांबला होता. मी म्हटलं, "तुम्ही फाडा तुमची पावती."

परतताना गाडी संदीपनं चालवली. मी शेजारी बसले. मागे आपटे आणि शोभा, स्कूटरी नंतर नेऊ म्हणत. वाटेत शोभा म्हणाली, "तुझ्या ऑफिसात पार्किंग नाही का रे?"

"आहे की. झाडाखाली, वॉचमन आहे. पण आई रात्री चालवू देत नाही."

मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं.

त्या संध्याकाळपासून जीप बंद झाली आणि गाडी रोज कामाला जायला लागली. दिवसभर ती घराखाली असायची, तर आपटे कॅलेंडर बघून सांगायचे आणि संदीप सातला येतानाच योग्य बाजूला लावून वर यायचा. आठ वाजता गल्लीत कुणी जमेना. मी गॅलरीतसुद्धा जायचं सोडलं. शोभा म्हणाली, गल्ली अगदी ओसाड वाटते. संदीप मात्र ओळीनं चार दिवस असा झोपला की दोनला मलाच जाऊन बघावं लागलं, श्वास चालू आहे ना. शुक्रवारी साहेबानं त्याला बोलावून कायम झाल्याचं सांगितलं आणि विचारलं, मधे तब्येत बरी नव्हती का. हा म्हणाला, हो, घरी जरा त्रास होता.

त्रास म्हणजे मी. वय चौसष्ट, शिक्षण चौथी, लायसन नाही.